नक्कल पोचली, निकाल पटला नाही

चि. शालिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र व सोबतची शिस्तीच्या नोंदवहीची नक्कल पोचली. मुख्याध्यापकपदाची सूत्रे हाती येऊन पुरती सहामाही लोटली नाही, तोच नववीतल्या त्या मुलाला पंधरा दिवस शाळेबाहेर ठेवण्याचे फर्मान काढतेस आणि वर ‘आप्पा, योग्यच केले ना?’ असे विचारतेस, तेव्हा उत्तर गोड लागणार नाही हे तुला ठाऊक असणारच. तुझ्या आईने हे दोन वाक्यांत उरकले असते. माझ्या पाल्हाळाला इलाज नाही.

ओठांवर मिसरूड दिसू लागताच अंगी विवेकही यावा, ही आपल्या शिक्षकवर्गाची जुनी समजूत. पण संशोधक जे गीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा वर्षानुवर्षे घेऊन 1999 साली दाखवून दिले की, कपाळामागील भाग पौगंडात नव्याने घडू लागतो. आवेगाला लगाम घालणाऱ्या या भागाची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालते, हे पुढे स्पष्ट झाले. 2005 साली गार्डनर व स्टाइनबर्ग यांना मोटार हाकण्याच्या संगणकीय खेळात आढळले की, सोबती भोवती असता किशोरांचे धाडस कितीतरी वाढते, प्रौढांचे जवळजवळ तेवढेच राहते. आणि तू त्याला जाब विचारलास तो भरल्या वर्गापुढे! उर्मट उत्तर आले याचे नवल कसले?

जॉर्ज सुगाई व रॉबर्ट हॉर्नर यांनी ऑरेगन विद्यापीठात रुजवलेली जी पद्धत अमेरिकेतील हजारो शाळा वापरतात, तिचे सार इतकेच, की वर्तन हाही बीजगणितासारखा शिकवण्याचा विषय मानावा. मोजके नियम सर्वांना करून दाखवावेत, ते पाळले की तत्काळ दखल घ्यावी, तेवढ्याने न भागणाऱ्यांना अधिक आधार द्यावा, अगदी थोड्यांसाठी स्वतंत्र तजवीज करावी. आणि शिक्षेआधी आगळीक कोठे व केव्हा घडते हे दप्तर उघडून पाहावे.

तुझे दप्तर मी पाहिले. त्या मुलाच्या नावापुढचे शेरे वाच: ‘उशिरा आला’, ‘बाकावर झोपला’, ‘उलट बोलला’. सगळे पहिल्या दोन तासांतले, म्हणजे सकाळी सात ते साडेआठ. मधल्या सुटीनंतरचा एकही नाही! आप्पांनी सकाळच्या सत्राचे तुणतुणे पुन्हा काढले, असे म्हणशील. काढणारच! पौगंडात शरीराचे घड्याळच मागे पडते, झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागते, हे मेरी कार्सकाडन यांनी केव्हाच दाखवले. कॅलिफोर्नियाने 2022 पासून, ग्रामीण भाग वगळता, हायस्कुलांना साडेआठपूर्वी वर्ग भरवण्यास मनाई केली. आपल्या सरकारने 2024 साली नऊची मर्यादा घातली ती चौथीपर्यंतच्या पोरांसाठी, जी आपणहून कोंबड्याबरोबर उठतात! मोठ्यांना वाली कोण?

खरी धास्ती वेगळीच आहे. त्याचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात असे तूच लिहितेस. पंधरा दिवसांत पोराच्या हाती तिथे चार पैसे खुळखुळू लागले, की मग शाळेची वाट तो कशाला धरील? तेव्हा पत्र मिळताच फर्मान मागे घे, त्याला एकट्याला बोलावून त्याचे म्हणणे ऐक, आणि सत्र बदलण्याचा अर्ज संस्थेच्या कार्यकारिणीपुढे ठेव. मसुदा मी करून देतो. सही मात्र तुझी लागेल, आणि तिथे कच खाऊ नकोस.

कळावे, लोभ असावा.

तुझा
आप्पा