पाच वर्षांची इद्दत

बायकोच्या चाळिसाव्यालाच माझ्या फुप्पीनं स्थळ आणलं. मी ताटावरून उठलो. हजरत खदीजांच्या इंतकालनंतर पैगंबरसाहेबांनी हजरत सौदांशी निकाह केला, त्याही विधवाच होत्या, हे मला पुढे मशिदीच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत, अगदी न्हाव्याच्या खुर्चीतही ऐकवलं गेलं. मला ते ठाऊक नव्हतं का? पण जीव होत नव्हता.

यंदा लेकीनं माझा बायोडाटा केला. फोटोत माझ्या खांद्यावर तिच्या अम्मीचा हात होता. तेवढा तिनं कापला आणि "सॉरी अब्बा" म्हणाली. मला की अम्मीला, कळलं नाही.

पुण्यात कॅम्पातल्या एका इराणी हॉटेलात भेटलो. त्या उर्दू शाळेत शिक्षिका. भाऊ सोबत आलेला, शेजारच्या टेबलावर पेपर वाचत बसला. त्रेपन्नाव्या वर्षी बोलायचं काय, सुचेना. कितवीला शिकवता, हे मी दोनदा विचारलं.

त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं का थांबलात?"

मी जमेल तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला चार महिने दहा दिवसांची इद्दत होती. रडायला कुणी आडवं आलं नाही. पुरुषांना इद्दत नाही. तुम्ही आपली आपणच धरलीत, सोडायची कधी ते सांगायला कुणी नव्हतं."

चहा गार झाला होता.

रात्री लेकीचा फोन. "काय बोललात?"

"तुझ्या अम्मीबद्दल."

"अब्बा! सगळा वेळ?"

"बराचसा."

"आणि त्या?"

"त्यांच्या नवऱ्याबद्दल. पुढच्या रविवारी परत भेटतोय."