स्कर्ट, सायकल आणि साडेपाचशे किलोमीटर

सायकलवर लांब पल्ल्याला निघायचं तर एक सिंपल फंडा आहे. जे लागणार नाही ते घरी ठेवा. टूथब्रशची दांडी कापून वजन वाचवणारे महाभाग मी पाहिलेत. मग डिसेंबरमध्ये मुंबई ते गोवा अशी किनाऱ्याकिनाऱ्यानं सायकल मारताना माझ्या कॅरियरच्या दोन पिशव्यांमध्ये काय काय होतं? पंक्चरचं किट, पंप, दोन ट्यूब, विंडचीटर, ओआरएसची पाकिटं, दोन स्कर्ट, एक कुर्ती आणि एक जॉर्जेटची साडी.

आणि हो, मी मुलगा आहे. वय अठ्ठावीस. दाढी रोज करावी लागते आणि आवाज चांगलाच घोगरा आहे.

याला क्रॉसड्रेसिंग म्हणतात. शब्द ऐकला की लोक पुढचे दोन-तीन शब्द स्वतःच जोडून टाकतात, म्हणून आधीच सांगतो. क्रॉसड्रेसिंग करणारा माणूस गे असेलच असं नाही, ट्रान्सजेंडर असेलच असंही नाही. काही असतात, अनेक नसतात. मला मुलगी व्हायचं नाहीये. मला बायकांचे म्हणतात ते कपडे आवडतात. घातले की खांदे सैल सुटतात, बस्स. कॉलेजपासून हे चाललंय, पण बंद दाराआड, घरचे लग्नाला वगैरे गेले की तासभर. या कपड्यांवर कधी ऊन पडलं नव्हतं. मला तेवढंच करून बघायचं होतं.

सायकलच का?

कारण ट्रेनमध्ये शेजारी असतो, टॅक्सीत ड्रायव्हर असतो. सायकलवर तुम्ही एकटे. गाव आलं की लोकांनी बघेपर्यंत तुम्ही पुढे गेलेले असता. शिवाय सायकलवाल्याचं सगळं माफ असतं. माझे पाय वॅक्स केलेले बघून घरी कुणी काही विचारलं नाही. सायकलवाले करतातच ना! आणि खरं सांगू? कोकणातल्या गावात जेवढं वळून बघतात ना, तेवढं टाइट लायक्रा शॉर्ट्सकडेच बघतात. त्यावर गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट चढवला तर उलट मी जरा सभ्य दिसत होतो.

रूट नेहमीचाच. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं मांडवा, मग अलिबाग, काशीद, मुरुड. त्यानंतर कोकणची खरी मजा, म्हणजे खाड्या. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. दर वेळी सायकल फेरीबोटीत चढवायची आणि पलीकडे उतरलं की समोर चढ. इथे किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता असं समजू नका. खाडीवर उतरा, सड्यावर चढा, परत उतरा. पायांची पार वाट लागते. आरे-वारेला वळणावरून खाली समुद्र दिसला की तेवढ्यापुरती विसरते.

पहिले दोन दिवस मी जर्सीतच होतो. स्कर्ट संध्याकाळी, खोलीत, कडी लावून. म्हणजे घरी जे चालायचं तेच, फक्त भाडं भरून! तिसऱ्या दिवशी वेश्वीला बोटीतून उतरलो, वडाच्या आडोशाला गेलो आणि निळा रॅपअराउंड स्कर्ट बांधून बाहेर आलो. छाती इतकी धडधडत होती की हार्टरेट मॉनिटर चढाशिवाय एकशे चाळीस दाखवत होता.

अॅनी आणि नारायणराव

सायकल आणि कपडे यांचं भांडण जुनं आहे. लेडीज सायकलची दांडी खाली वाकवलेली का असते? स्कर्टसाठी. बॉस्टनची अॅनी कोपचॉव्स्की, तीन मुलांची आई, १८९४ साली सायकलवर जगप्रवासाला निघाली. एका पाण्याच्या कंपनीनं शंभर डॉलर दिले म्हणून तिनं आडनावही लंडनडेरी असं लावलं. निघाली तेव्हा अंगात लांब स्कर्ट आणि खाली बेचाळीस पौंडांची सायकल. शिकागोत सायकल बदलून निम्म्या वजनाची पुरुषी सायकल घेतली, स्कर्टच्या जागी ब्लूमर आले आणि पुढे पुढे तर ती चक्क पुरुषांचा सूट घालून सायकल चालवू लागली. तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. आज पँट घातलेल्या मुलीकडे कुणी बघतसुद्धा नाही. म्हणजे एका दिशेचा रस्ता सव्वाशे वर्षांत मोकळा झाला. उलट्या दिशेला मात्र अजून नो एंट्री आहे.

आणि हे आपल्या महाराष्ट्रात, बरं का! नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व (१८८८-१९६७) रंगमंचावर ज्या पद्धतीनं साडी नेसायचे, त्यावरून घराघरातल्या बायका फॅशन ठरवायच्या. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. शालू नेसलेल्या पुरुषावर आपण जीव ओवाळून टाकला, पण एका अटीवर: पडदा पडला की शालू उतरला पाहिजे. २०१० सालचा ‘नटरंग’ आठवतोय? त्यातल्या गुणाला नाच्या झाल्याची किंमत तमाशाच्या बाहेरच मोजावी लागते.

चढावरची पोरं

दाभोळच्या अलीकडे लांबलचक चढ लागला. वेग ताशी सहा किलोमीटर. मागून एका बाइकवर तिघं आले, शिट्ट्या वाजल्या आणि मधल्याचा मोबाइल वर गेला. चढावर सायकलवाला पळू शकत नाही, हे तिथे नीट कळलं. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. मी थांबलो, पाय टेकला, हेल्मेट काढलं.

‘अरे, हा तर दादा आहे!’

‘रील बनवताय का? चॅलेंज आहे?’

‘नाही.’

‘मग कशाला घातलंय?’

‘आवडतं म्हणून. तू ती फाटकी जीन्स का घातलीस?’

ते हसले. हसणं चांगलं होतं की वाईट, ते मला आजही ठरवता येत नाही. पुढे पाणी कुठे मिळेल ते सांगितलं आणि गेले. व्हिडिओ मात्र त्यांच्याकडेच राहिला.

त्याच संध्याकाळी एका लॉजच्या काउंटरवर माझं आधार कार्ड उलटसुलट बघितलं गेलं, मग स्कर्ट बघितला गेला, मग ‘रूम फुल आहे’. मागच्या फळीवर नऊ चाव्या लटकत होत्या, मोजल्या मी. अंधारात अजून बारा किलोमीटर मारले आणि एका घरगुती खानावळीचं दार वाजवलं. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, ‘जेवण व्हेज की नॉनव्हेज?’ त्या रात्री सुरमईची तुकडी खाताना डोळ्यांत पाणी आलं. तिखटामुळे, असं काकूंना सांगितलं.

पण डोक्यात तो व्हिडिओ होता. आईनं तो कुणा मावशीच्या फॉरवर्डमधून बघावा हे मला नको होतं. मी फोन लावला.

‘आई, माझा एक व्हिडिओ कदाचित फिरेल. त्यात मी स्कर्टमध्ये असेन.’

बराच वेळ काहीच नाही. मग, ‘पडलास का कुठे?’

‘नाही.’

‘कपाटातल्या घड्या बदललेल्या मला कळतात रे. किती वर्षं झाली.’ पुन्हा शांतता. ‘बाबांना मी सांगणार नाही. ते तुझं तू बघ. आणि मामाकडे जाताना नको हं.’

पूर्ण होकार नव्हता, नकारही नव्हता. पण दुसऱ्या दिवशी सायकल हलकी वाटली.

‘दशावतारात काम करतंस काय?’

विजयदुर्ग ओलांडलं आणि गंमत झाली. सिंधुदुर्गात माझ्याकडे बघणारे चेहरेच बदलले. मालवणच्या बाजारात एका मासेवालीनं हाक मारली, ‘काय रे झिला, दशावतारात काम करतंस काय?’

थंडीत इथे गावोगावच्या जत्रांमधून दशावतारी नाटकं होतात. सगळी कामं पुरुषच करतात आणि बाईचं काम करणाऱ्याला स्त्रीपार्टी म्हणतात. संवाद बहुतेक ऐन वेळचे आणि खेळ पहाटेपर्यंत. त्यामुळे साडीतला पुरुष हा इथे ओळखीचा माणूस आहे. ‘हो’ म्हणालो असतो तर दोन बांगडे फुकट मिळाले असते. मी म्हणालो, ‘नाही मावशी. मला आवडतं म्हणून घालतो.’

तिनं कोयती खाली ठेवली. ‘लगीन झाला?’

‘नाही.’

‘मगे तां काय होवचा नाय!’ असं म्हणून ती इतकी हसली की शेजारच्या दोघी हसल्या, शेवटी मीही हसलो.

त्या रात्री वेंगुर्ल्याजवळच्या एका जत्रेत पडद्यामागे गेलो. एक स्त्रीपार्टी नट आरशासमोर बसून स्वतःच रंग लावत होता. माझं सगळं ऐकून म्हणाला, ‘आमका देवळासमोर मान आसा. रंग पुसलो काय मी घरचो बापुस. तुका रंग नाय, देऊळ नाय. तुजा कठीण आसा.’ कौतुक नव्हतं, दयाही नव्हती. एका कारागिरानं दुसऱ्याला कामातला धोका सांगावा, तसं ते होतं. मग त्यानं साडीला पिन कुठे लावली की पदर सरकत नाही ते दाखवलं.

शेवटच्या दिवशी तेरेखोलची फेरी ओलांडून केरीला उतरलो तेव्हा अंगावर तीच जॉर्जेटची साडी होती, काष्टा घालून. दोन्ही पाय मोकळे! नऊवारीवाल्या आज्यांना हे आधीपासूनच माहीत होतं.

व्हिडिओ अजून तरी माझ्यापर्यंत पोहोचलेला नाही. पण हा लेख माझ्या नावानं छापला जातोय आणि आमच्याकडे हा अंक बाबा सगळ्यात आधी उघडतात. म्हणून अंक यायच्या आधी त्यांच्याशी बोलायचंय. साडेपाचशे किलोमीटरपेक्षा हॉल ते बाल्कनी हे अंतर जास्त आहे, एवढं नक्की.

जाताय? मग हे लक्षात असू द्या

- पदर, ओढणी, लांब घेर चाकात जाऊ देऊ नका. घेर गुडघ्यापर्यंतच ठेवा, चेनला कव्हर लावा.
- खाली पॅडेड शॉर्ट्स हवीच. कॉटन नको, जॉर्जेट रात्रीत वाळतं.
- रोजचं लोकेशन एका विश्वासू माणसाला कळवा. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोहोचा.
- राहण्याची सोय आधी फोनवर पक्की करा. ओळखपत्र हाताशी ठेवा.
- सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४च्या ‘नालसा’ निकालानुसार कपड्यांतून आपली लिंगओळख व्यक्त करणं हे घटनेच्या कलम १९(१)(अ) खालच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतं. माहीत असलेलं बरं.
- आणि चढावर कुणी शिट्टी मारली तर घाई करू नका. तसंही पळता येत नाही.