गळतीचे मूळ

तेलाचा डाग जमिनीवर जेथे दिसतो, त्याच्या थेट वर गळतीचे मूळ असेलच असे नाही. तेल खाली ओघळते आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलले जाते.

डोंबिवलीत माझ्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली, १०८९ सीसी इंजिनाची. पुलीमागचे ऑइल सील दोनदा बदलूनही गळती थांबेना. इंजिन पूर्ण खोलण्याचा खर्च ऐकून वडील गाडी भंगारात द्यायला निघाले होते. कल्याणच्या एका वृद्ध मिस्त्रींनी मात्र आधी काहीच खोलले नाही. इंजिन धुऊन कोरडे केले, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली आणि गाडी शिळफाट्यापर्यंत फिरवून आणायला लावली.

पावडरीवर ओल उमटली ती सीलपाशी आणि टॅपेट कव्हरच्या कडेलाही. दोन ठिकाणांहून एकदम तेल येत असेल तर आतल्या दाबाचा संशय घ्यावा. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो. त्याला वाट देणारी ब्रीदरची नळी काजळीने तुंबली होती, आणि कोंडलेला वायू तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर लोटत होता. नवे सील बिचारे काय करणार!

नळी साफ झाली, कव्हरचे पॅकिंग बदलले. गाडीखाली वडिलांनी अंथरलेला पुठ्ठा तीन आठवडे कोरडा आहे.