थेंबाची मागची कड

बोंडातून नुकताच वेचलेला कापूस पाण्यात टाकला तर बुडत नाही, हे काटोलकडे शेतात वाढलेल्या कुणाला सांगावं लागत नाही. तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी, पण तेवढा पुरतो. गिरणीत कॉस्टिक सोड्यात उकळून ते मेण काढतात, तेव्हा कुठं कापड रंग पितं. औषधाच्या दुकानातल्या कापसाची तर परीक्षाच बुडण्याची, दहा सेकंदांच्या आत. माझं काम याच्या उलट: मेण गेलेल्या सुती कापडाला प्लाझ्माने पुन्हा पाणी नाकारायला शिकवायचं.

कापूस म्हणजे सेल्युलोज, निसर्गानं घडवलेला पॉलिमर. त्याच्या साखळीवर ठायी ठायी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात आणि पाणी त्यांनाच धरतं. त्या झाकायच्या, पण धाग्यांमधल्या फटी बुजवायच्या नाहीत. रबराचा लेपही पाणी अडवतो. मात्र विदर्भाच्या उन्हात तसला कोट घालून काम करणं मुश्कील.

कापड चेंबरमध्ये ठेवून पंपाने हवा काढतो. दाब बाहेरच्या हवेच्या हजाराव्या हिश्शाहून खाली गेला की हेक्सामिथाइलडायसिलोक्सेनची वाफ बेताने सोडतो आणि रेडिओ लहरींची वीज देतो. वाफेचा प्लाझ्मा होतो आणि त्यातले वेगवान इलेक्ट्रॉन तिचे रेणू फोडतात. ते तुकडे तंतूवर येऊन पुन्हा जुळतात: सिलिकॉन-ऑक्सिजनची जाळी आणि तिच्यावर मिथाइलचे गट. इलेक्ट्रॉन प्रचंड तापलेले, वायू मात्र जवळपास खोलीइतकाच गार, म्हणून कापड जळत नाही. याचं मला आजही नवल वाटतं.

पण त्याच वाफेत ऑक्सिजन जास्त झाला तर मिथाइल जळून जातात, काचेसारखा थर उरतो आणि त्यावर पाणी चक्क पसरतं. पावसाळ्यात हा ऑक्सिजन चोरपावलांनी येतो. सुती कापड सात-आठ टक्के ओलावा धरून असतं, पंप चालू झाला की तो वाफ होऊन सुटत राहतो. घाईने प्लाझ्मा पेटवला तर ती पाण्याची वाफच ऑक्सिजन पुरवते. म्हणून कापड आधी ओव्हनमध्ये सुकवायचं आणि दाबाचा काटा स्थिरावेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. निम्मी कारागिरी या थांबण्यात आहे.

शोधनिबंधांत थेंबाचा कापडाशी होणारा कोन मिरवतात. 90 अंशांच्या वर जलरोधी, 150 च्या वर अतिजलरोधी. मला त्या आकड्याचं फारसं कौतुक नाही. खरखरीत कापडावर थेंब सहज फुगून बसतो, आणि 140 अंशांचा थेंबही कापड उलटं धरलं तरी चिकटून राहू शकतो. मी टेबल हळूहळू तिरकं करत कॅमेऱ्यातून त्याची मागची कड पाहतो. पुढची कड उताराकडे फुगते. मागची एखाद्या सुट्या तंतूला धरून ताणली जाते, पातळ होते, थरथरते. काम जमलं असेल तर ती सुटते आणि थेंब ओल न ठेवता घरंगळतो.

काटोलला मामांनी हे कापड तळहातावर पसरून त्यावर पेल्यातलं पाणी ओतलं आणि विचारलं, "फवारणीचं पाणी अडवते का रे हे?"

प्रश्न नेमका होता. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीच्या टाकीत औषधासोबत स्टिकर घालतात. त्याने पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे 72 मिलिन्यूटनवरून तिशीच्या आसपास उतरू शकतो. थेंब पानावर पसरावा म्हणूनच ते घालतात, मग तो माझ्या कापडावरही पसरणारच. अशा पाण्यापुढे फ्लोरीनयुक्त वायूंचा थर अधिक टिकाव धरतो. पण त्या कुळातली काही रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत. त्यांतलं पीएफओए 2019 मध्ये स्टॉकहोम कराराच्या निर्मूलनाच्या यादीत गेलं. माणसाला एका विषापासून वाचवायला दुसरं कायमचं मातीत सोडावं, हे मला पटत नाही.

तेव्हापासून थेंब सोडायच्या माझ्या सिरिंजमध्ये स्टिकर घातलेलं पाणीही असतं, आणि कापड साबणाने धुतल्यावरही तपासतो. सध्या तीन थरांवर काम चाललं आहे: बाहेर प्लाझ्माचं कापड, मध्ये शोषून घेणारं जाड सुती, अंगाला लागून पुन्हा प्लाझ्माचं. बाहेरून झिरपलेलं मधल्या थरानं धरून ठेवायचं. तो किती भिजेपर्यंत पुरतो आणि कोट कधी उतरवायचा, हे आता मोजायचं आहे.