कुर्ल्याची फियाट आणि आपली माणसे

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी फियाट टॅक्सी कायमची गेली. वीस वर्षांवरची टॅक्सी मुंबईत चालवायची नाही असा नियम आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. तिची वीस वर्षे भरली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी पानेच्या पाने लिहिली. कुणाला सिनेमातली टॅक्सी आठवली, कुणाला आजोबांची गाडी, कुणाला मरीन ड्राइव्हवर मारलेली पहिली चक्कर. जेवढे हाती लागले तेवढे आम्ही वाचले आणि मन खट्टू झाले. ही गाडी ज्यांनी जुळवली, रंगवली, गॅरेजात तिच्याखाली उताणे पडून दुरुस्त केली, त्यांच्यापैकी कोणी त्या पानांवर आम्हाला भेटले नाही. आजोबांकडे गाडी असलेल्यांनीच आठवणी लिहायच्या असा काही कायदा नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडा इतिहास. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभारला. त्या वेळी दिल्लीत व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते परमपूज्य बाबासाहेब. कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांनी १९४६ साली मांडले. कुर्ल्याच्या कामगाराची पाळी आठ तासांनी सुटत होती ती कुणा शेठजीच्या कृपेने नव्हे, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

कुर्ल्याला सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळवल्या जात. पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी संबंध जुळला आणि ‘फियाट ११००’ आली. तिच्या फुगीर अंगामुळे मुंबईकरांनी तिला ‘डुक्कर फियाट’ असे नाव ठेवले. पुढे सिलेक्ट, सुपर सिलेक्ट आणि १९६४-६५ च्या सुमारास डिलाइट. हा डिलाइटचाच चेहरा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. इटलीत ही बनावट साठच्या दशकातच बंद पडली, आपल्याकडे ती शतक संपेपर्यंत चालली. इटलीशी करार संपल्यावर १९७३ च्या सुमारास गाडीचे नाव ‘प्रीमिअर प्रेसिडेंट’ झाले आणि १९७४ साली ‘प्रीमिअर पद्मिनी’. पद्मिनी म्हणजे चितोडची राणी. जोहारात जळून गेलेल्या राणीचे नाव गाडीला देण्यात काय कौतुक होते कोण जाणे! बाई जळाली की तिची थोरवी गायची ही या देशाची जुनी खोड. आपल्या लोकांनी मात्र ते नाव कधी धरले नाही. कागदावर पद्मिनी, तोंडात फियाट.

त्या काळी गाडी घेणे म्हणजे नुसता पैशाचा प्रश्न नव्हता. सरकारी परवान्याचे दिवस. बाजारात अँबेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड अशा तीनच गाड्या. फियाटसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत. लालबहादूर शास्त्रींची गोष्ट प्रसिद्ध आहे. पंतप्रधान असताना त्यांनी घरच्यांसाठी फियाट घ्यायचे ठरवले. किंमत १२ हजार रुपये, खात्यात ७ हजार. उरलेले ५ हजार पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाने काढले. १९६६ साली ताश्कंदला त्यांचे निधन झाले आणि ते कर्ज ललितादेवींनी पेन्शनमधून फेडले. पंतप्रधानाची ही तऱ्हा, तर तुमच्या-आमच्या बापजाद्यांनी गाडीचे नाव कशाला काढावे? आमच्या लहानपणी नाशिक रोडला फियाट असायची ती डॉक्टरांकडे, वकिलांकडे, ठेकेदाराकडे. प्रेसमधला आणि रेल्वेतला आपला माणूस सायकलवर. वस्तीत फियाट शिरली म्हणजे एक तर मतदान जवळ आलेले असायचे, नाहीतर कोणीतरी फार आजारी असायचे.

परंतु आपली माणसे या गाडीत नव्हती असे म्हणणे चूक ठरेल. ती मागच्या सीटवर नव्हती, एवढेच. आमचे मामा कुर्ल्याच्या कारखान्यात दरवाजे बसवण्याच्या कामावर होते. त्यांचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, परळच्या गिरणीत. गिरणीच्या साचेखात्यात, जिथे पगार जास्त, तिथे आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. कारण काय, तर कांडी बदलताना तोंडाने धागा ओढावा लागतो आणि थुंकीने विटाळ होतो! बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न धसास लावला होता. मामा म्हणायचे, “पत्र्याला विटाळ नसतो रे. पान्याला जात नसते.” माणसांच्या डोक्यातून जात गेली होती असे नाही, तीही हकीकत मामा सांगत. पण एका रांगेत उभे राहून एकाच गाडीला चार जातींचे चार हात लागत, आणि तयार गाडीवर कुणाचा हात कुठला हे ओळखू येत नसे. डॉ. दत्ता सामंतांची युनियन तिथे जोरात होती. मामांचा पगार मुंबईच्या मानाने चांगला होता, त्याच पगारावर दोन मावश्यांची शिक्षणे झाली.

मामांना एक सवय होती. नाशिक रोडला आले, की स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या कोणत्याही फियाटचे दार ते ड्रायव्हरला विचारून उघडत आणि लावत. आवाज ऐकत. ‘टप्’ असा बसका आवाज आला तर समाधानाने मान हलवायचे. खडखड झाली तर म्हणायचे, “हे आमच्या पाळीचे नव्हे.” स्वतःची गाडी त्यांनी कधी घेतली नाही. मोठ्या पोराने घेतली तेव्हा ती मारुती होती. तिचे दार मामांनी एकदाच लावून पाहिले आणि काही बोलले नाहीत.

लोक विचारतात, या गाडीत एवढे होते तरी काय? १०८९ सीसीचे, चाळीसेक घोड्यांचे साधे पेट्रोल इंजिन. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढे सलग बाकडे आणि त्यावर ड्रायव्हर धरून तिघे. इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, म्हणून माणसे जितकी जास्त बसतील तितकी मागची चाके रस्ता घट्ट धरत. दादरहून नाशिकला येणाऱ्या शेअर टॅक्स्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना कसारा घाट आठवेल. निम्म्या घाटात इंजिन तापायचे, पेट्रोल नळीतच उकळून वाफ व्हायची आणि गाडी थांबायची. ड्रायव्हर शांतपणे उतरून पेट्रोलच्या पंपावर ओले फडके गुंडाळायचा, विडी ओढायचा, आणि दहा मिनिटांत गाडी पुन्हा चालू. इगतपुरीला रेडिएटरमध्ये पाणी. कोणी घाबरत नसे. काय बिघडले ते दिसत होते आणि काय करायचे ते माहीत होते.

आमच्या मते या गाडीच्या मायेचे खरे कारण तेच आहे. बॉनेट उघडले की सगळे डोळ्यांसमोर. प्लग, पॉइंट, कार्बोरेटर, फॅन बेल्ट. सिन्नर फाट्याजवळ आपल्याच समाजाचे एक मिस्त्री आहेत, आठवी नापास. एका पान्याच्या संचावर आणि पॉलिश पेपरच्या तुकड्यावर त्यांनी संसार उभा केला, तीन मुली शिकवल्या. त्यांना हे काम ना कॉलेजने शिकवले ना कंपनीने. गॅरेजमालकाने दिवे धरायला ठेवले होते, दिवा धरता धरता बघून शिकले. ज्या देशात शतकानुशतके विद्या झाकून ठेवली गेली, तिथे एक यंत्र असे होते, की जे बघेल त्याला आपली विद्या देत होते. आजच्या गाडीत बिघाड झाला की आधी संगणक लावावा लागतो, आणि तो ज्याच्याकडे आहे त्याच्या दारात जावे लागते.

अर्थात गाडीचे दोषही होतेच. पेट्रोल पिणारी, वजनाने जड, गंजायला लवकर. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि श्रीमंतांचे मन उडाले. १९९१ नंतर बाजार खुला झाला, परदेशी गाड्या आल्या, आणि २००० सालाच्या आसपास कुर्ल्याला पद्मिनी बनणे बंद झाले. मामा त्याआधीच निवृत्त झाले होते.

श्रीमंतांनी काढून टाकली तेव्हा ती आपल्यापर्यंत पोहोचली. २००२ साली आमच्या मंडळाने १९८६ सालची एक पद्मिनी ३२ हजाराला घेतली. १६० घरे, घरटी २०० रुपये. हिशेबाची वही आमच्याकडे आहे. कारण साधे होते. रात्री-अपरात्री वस्तीत रिक्षा यायला तयार नसे आणि बाळंतपण वेळ बघून येत नाही. गाडी विहाराच्या भिंतीलगत उभी असायची, किल्ली मिस्त्रींकडे, पेट्रोल ज्याचे त्याने टाकायचे. बिटको रुग्णालयाच्या पायरीपर्यंत ती किती वेळा गेली याची नोंद नाही. एक मुलगी तर गाडीतच जन्मली.

मे २००४ मधली एक हकीकत मात्र लिहिलीच पाहिजे. वस्तीतल्या एका मुलाचे लग्न सिन्नर तालुक्यातल्या एका गावी होते. नवरदेव गाडीत, पुढच्या काचेवर बाबासाहेबांचा फोटो, बॉनेटवर निळा झेंडा. मिस्त्री स्टिअरिंगवर, आम्ही शेजारी. वेशीपाशी दहा-बाराजण आडवे आले. म्हणाले, “देवळापुढून तुमची वरात गाडीतून गेलेली नाही. खाली उतरा, पायी चला.” कोणी शिवी दिली नाही, आवाजही चढवला नाही. गेल्या कित्येक पिढ्या जसे सांगत आले तसेच सांगितले. नवरदेव उतरायला निघाला होता. तेवढ्यात नवरीच्या आजीबाई पुढे आल्या, पांढरे पातळ नेसलेल्या, आणि गाडीच्या पुढे चालू लागल्या. त्यांच्यामागे बाकीच्या बाया. मिस्त्रींनी पहिला गिअर टाकला आणि अर्ध्या क्लचवर गाडी माणसाच्या पावलाने सोडली. वेस ते आपली वस्ती, फर्लांगभर अंतर असेल. क्लचची पट्टी जळल्याचा वास येत होता. आमच्या मनात एकच गोष्ट, आता बंद पडली तर? बंद पडली असती तर धक्का मारायला उतरावेच लागले असते, आणि पुढे वीस वर्षे त्या गावाने ते हसून सांगितले असते. आडवे आलेले लोक बाजूला झाले. गाडी बंद पडली नाही. जेवताना आम्ही मिस्त्रींना विचारले तेव्हा ते म्हणाले, “सकाळीच पॉइंट घासून घेतले होते.” आणि भात मागितला.

आता प्रश्न असा, की गाडीच्या नोंदणीची मुदत पुन्हा भरत आली आहे. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या खाजगी गाडीच्या फेरनोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५ हजार झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना त्यानंतर आणखी वाढवली. वर पर्यावरण कर, विमा. रुग्णवाहिका आता १०८ नंबर फिरवला की येते. मंडळाच्या बैठकीत दोन तट पडले आहेत. जुनी मंडळी म्हणतात, ठेवा. गाडीत जन्मलेली ती मुलगी आता कॉलेजला आहे, ती म्हणते, “भंगारात द्या आणि त्या पैशात अभ्यासिकेला संगणक घ्या. धूर किती सोडते बघा.” तिचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नाही. तरी आमचे मत ठेवण्याच्या बाजूने आहे, कारण मिस्त्री दर रविवारी वंदनेनंतर वस्तीतल्या पाच-सहा मुलांना तिचे बॉनेट उघडून शिकवतात, आणि उघडून दाखवण्यासारखी दुसरी गाडी आमच्याकडे नाही. पौर्णिमेच्या बैठकीत निर्णय होईल.

तोवर वाचकांना एक विनंती. कुर्ला, चेंबूर, घाटकोपर, विक्रोळीच्या आपल्या वस्त्यांत प्रीमिअरमध्ये नोकरी केलेली माणसे आजही असतील. कोणी पेंट शॉपला असेल, कोणी फाउंड्रीत, कोणी कँटीनला. मामांचा पितळी बिल्ला मामींनी भांडेवाल्याला देता देता वाचला, तो आता आमच्याकडे आहे. तुमच्या घरी असे काही असेल, बिल्ला, पगाराची पावती, खात्यातल्या कामगारांचा एकत्र फोटो, तर मोडीत काढू नका. फोटो असल्यास मागे नावे लिहून ठेवा, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना कोण कुठल्या खात्यात होते ते आजच विचारा. जयभीम.