तबकडी आणि आवाज

नाशिकला १९२२ साली रामनाम आधार आश्रम स्थापन करणारे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर त्या वेळी पन्नाशीला पोहोचले होते. लाहोरात १९०१ साली त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडले, राजाश्रयावाचून चालविले आणि पुढे मुंबईत आणले. मुंबईची इमारत मात्र कर्जापायी लिलावात गेली. धनकोंना विटा-चुना मिळाला. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास यांच्या गळ्यांत जे उतरले होते, त्यावर कोणाचीही जप्ती चालली नाही.

संगीताच्या धंद्यातील मोठ्या कंपन्यांचा ऱ्हास समजून घ्यायचा तर ही नाशिकशी जोडलेली कथा उपयोगी पडते. या देशात ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात सुरू झाला. गौहरजान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत, कारण तबकड्या जर्मनीत छापल्या जात आणि तेथील कारागिरांना गाणारी कोण हे कळावे लागे. पुढे कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र घरोघरी पोहोचले. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने गाण्याचे मापही ठरविले: एका बाजूस जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे. तासभर फुलणारा ख्याल तेवढ्यात बसवायचा, नाही तर घरी जायचे. तबकडीत लाख असे, आणि श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य येते, हे वाचकांस ठाऊकच आहे. ऐकणे म्हणजे व्यापार नव्हे, असा युक्तिवाद त्या काळी एखाद्या रसिक श्रावकाने केला असल्यास नवल नाही.

विष्णु दिगंबरांचे पुत्र दत्तात्रेय यांचा जन्म १९२१ चा. बालपण नाशिकच्या आश्रमाच्या सावलीत गेले. वडील १९३१ साली निवर्तले तेव्हा मुलगा अवघा दहा वर्षांचा होता. म्हणजे कुळाचे नाव मिळाले, विद्या मात्र मिळवायची राहिली. ती वडिलांच्या शिष्यांनी, विशेषतः विनायकरावांनी, दिली. गुरुपुत्राला गुरूचेच देणे परत करावे, असा तो व्यवहार होता. चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात तो गायला. पहिली तबकडी १९४४ साली निघाली. तोवरची नऊ वर्षे आणि त्याआधीचा रियाज यांचा हिशेब कोणत्याही कंपनीच्या वहीत नाही. ‘बैजू बावरा’ (१९५२) मध्ये उस्ताद अमीर खाँ यांच्याबरोबरच्या जुगलबंदीने हा आवाज संगीत न जाणणाऱ्यांपर्यंतही गेला. ऑक्टोबर १९५५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तो थांबला.

येथे कंपनीला तिचे श्रेय दिलेच पाहिजे. मुद्रण झाले नसते, तर द. वि. पलुसकर ही आज केवळ वृद्धांच्या तोंडची आठवण उरली असती. तिने गुण निर्माण केला नाही. पण ऐन वेळी तो टिपून ठेवला, आणि तीन मिनिटांच्या जाचातून त्या गायकाने राग नेमका मांडण्याची शिस्त काढली. घराणे, बैठक, आकाशवाणी यांनी घडविलेला माणूस कंपनी निवडीत असे. तिची कमाई त्या निवडीवर होती.

कंपनीचे साम्राज्य मोडले ते कॅसेटने. मुद्रणयंत्रे स्वस्त झाली, गुलशन कुमार यांच्या टी-सीरीजने स्वस्त कॅसेट पानाच्या दुकानापर्यंत नेली, आणि ज्या वितरणावर जुन्या कंपनीची मक्तेदारी उभी होती तेच निरुपयोगी ठरले. चोरट्या प्रतींनी उरलेली पोकळी वाढविली. ग्रामोफोन कंपनी १९८० च्या दशकात गोएंका समूहाकडे गेली, २००० साली तिचे नाव ‘सारेगम’ झाले. सातासमुद्रापलीकडची मूळ ई.एम.आय.ही २०१२ साली तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. नंतर मोबाइल आला आणि विकण्याजोगी वस्तूच हातात उरली नाही.

आता गाणे निवडणारा मधला माणूस नाही, हे सुख म्हणावे तर आहे. पण मुलीला गाणे शिकविणारे आई-वडील हल्ली सहा महिन्यांतच तिच्या चित्रफितीला किती जणांनी पाहिले ते मोजू लागतात. पूर्वी कंपनीचा साहेब नाकारी, आता आकडा नाकारतो; आकड्याला कान नाहीत, एवढाच फरक. साहेबाला निदान कधी तरी सूर कळत असे.

आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. द. वि. पलुसकरांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांची ही मुदत २०१५ च्या अखेरीस पुरी झाली. त्या ध्वनिमुद्रणांवर आज कोणाचीही मालकी नाही. गोदाकाठच्या एखाद्या घरात कोणी विद्यार्थी पहाटे त्यांतील तीन मिनिटे दहादा ऐकतो, तानपुरा जुळवितो, आणि त्यातली एकच हरकत आपल्या गळ्यातून निघते का ते पाहतो.