धारेचा मान

धर्मग्रामात दारूविषयी बोलावयाचे झाले की आम्ही पुरोहित बहुधा निषेधानेच आरंभ करतो, आणि तसे करण्यास कारणही आहे. मद्यापायी उद्ध्वस्त झालेली घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. तरीही एक प्रश्न मनातून जात नाही. ज्या समाजांनी पिढ्यानपिढ्या मद्य देवापितरांसमोर ठेवले, ते सारे व्यसनीच होते काय?

सातपुड्यातील भिल्लांकडे पाहावे. चैत्राच्या सुमारास पहाटे गळणारी मोहाची फुले वेचायची, वाळवायची, भिजवून आंबवायची आणि मग भट्टी लावायची. ओठ लावण्यापूर्वी पहिली धार भूमीवर, पितरांच्या नावे. सोयरीक ठरली की दोन्ही घरची माणसे एकत्र पितात. भांडणात पंचांनी दंड ठरवला तर त्या दंडाचीच दारू येते आणि कालचे वैरी एका पंगतीत बसतात. अक्षरओळख नसलेल्या समाजात हा घोटच करारपत्र होता. साऱ्या गावासमक्ष प्यालेले नाकारणार कोण? आपल्याकडे सुपारी फोडतात, त्यातलाच हा प्रकार. किंबहुना अधिक बोलका.

मग बिघडले कोठे? १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क मक्तेदाराकडे गेला, ताडीच्या झाडांवर कर बसला. घरचे मडके गेले आणि दुकान आले. दुकानात उधारी असते, पितर नसतात. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून दक्षिण गुजरातेत पसरलेल्या देवीच्या चळवळीत हजारो आदिवासींनी दारू-ताडी सोडली, ती केवळ विरक्तीने नव्हे. दुकानदार-सावकाराच्या पाशातून सुटण्याची ओढ त्यामागे होती.

आपल्या जिल्ह्यातील राळेगणसिद्धीने १९७५ नंतर, अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने, भट्ट्या बंद केल्या. तो निर्णय गावाने मंदिरात बसून घेतला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पिण्याला जशी गावाची साक्ष लागे, तशी सोडण्यालाही लागली.

करिंथच्या मंडळीला संत पौलाने खडसावले तेही याच मुद्द्यावर. एकत्र जमूनही कोणी कोणासाठी थांबत नव्हते. एक उपाशी राही, दुसरा मद्यधुंद होई.

आमच्या वस्त्यांवरील लग्नांत आता पुरुष मांडवामागच्या अंधारात, घाईघाईने पितात. कोण कोणाबरोबर प्याला, हे मांडवात बसलेल्या बायकांना ठाऊक नसते. वधूवरांना तर नसतेच.